मुलगी मैदानावर टिकावी म्हणून

बऱ्याच मुली सहावी-सातवीत खेळ सोडतात, आणि कारण अनेकदा खेळ नसतो, कपडे असतात. पांढरी पँट पाळीच्या धास्तीने नकोशी होते. गडद शॉर्ट्स, आत सायकलिंग शॉर्ट्स आणि मापाची स्पोर्ट्‌स ब्रा घ्या. ब्रा घालून दुकानातच दहा उड्या मारायला सांगा; खालचा पट्टा वर सरकला तर माप मोठं आहे. किटबॅगेत दोन पॅड आणि जादा चड्डी कायम असू द्या.

दुसरी अडचण चेंडू फेकण्याची. मुलींना हे कुणी शिकवतच नाही, वर हसतात! टेनिस बॉल, सोसायटीची भिंत, पाच पावलं अंतर. उजव्या हाताने फेकायचं तर डावा पाय पुढे, कोपर खांद्याच्या रेषेत. सुरुवातीला रोज पंधरा मिनिटं पुरे. जास्त केलं की खांदा दुखतो आणि हौस फिटते.

खो-खोला बूट सोडून फारसा खर्च नाही. बॅच लावण्याआधी मैदानावर एक संध्याकाळ नुसती बघा: चार-पाच मुली आहेत का, बाथरूमला आतून कडी आहे का. परत घरी कसं यायचं तेही आधीच ठरवा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात आजी म्हणणार, ‘पुरे झालं आता.’