येऊरच्या वाटेवर सापडलेला हवेचा दाब

ठाण्याजवळच्या येऊरच्या मातीच्या वाटेवर माझ्या माउंटन बाइकचे पुढचे चाक वळणावर सतत घसरत असे आणि मी दोष टायरच्या नक्षीला देत होतो. पंपाचा काटा ३० पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) दाखवत असला, तरी १६० पर्यंतच्या त्या तबकडीवर रेघा इतक्या दाटीने होत्या की चार-पाचचा फरक कळतच नसे. ६० पर्यंतच मोजणारा डिजिटल गेज आणून टायर थंड असताना मोजले, तेव्हा दाब ३६ निघाला; म्हणजे दोष नक्षीचा नव्हता, जास्त दाबाचा होता. मग दर फेरीला एकेक पीएसआय कमी करत, रिम दगडावर आपटल्याचा ठक्क आवाज येईपर्यंत उतरलो आणि तिथून दोनने वर आलो. माझ्या ७० किलो वजनाला, २.२५ इंची ट्यूबलेस टायरमध्ये पुढे २२ आणि मागे २५ हा दाब मानवला. ट्यूब असती, तर तो थोडा जास्त ठेवावा लागला असता.