गावाच्या जंगलाचा वाद मागे कुठपर्यंत जातो, हे कसे शोधावे

२००६ च्या वनहक्क कायद्याखाली केलेला वनहक्काचा दावा फेटाळला गेला, गायरानात चराईबंदी झाली किंवा आजोबांपासून कसत आलेली जमीन कागदावर अतिक्रमण ठरली, की गावातील बोलण्यात "हे इंग्रजांपासूनचेच आहे" असे वाक्य हमखास येते. बहुतेक वेळा ते खरे असते. परंतु दावे तपासणाऱ्या उपविभागीय समितीपुढे किंवा न्यायालयात एवढ्याने काम भागत नाही. इंग्रजी राजवटीतील कोणत्या निर्णयाने, कोणत्या साली, कोणाचा कोणता वापर थांबला आणि तो निर्णय स्वातंत्र्यानंतर कोणत्या मार्गाने टिकून राहिला, हे साखळीसारखे दाखवावे लागते. ग्रामसभेच्या वनहक्क समितीचे सदस्य, तालुक्याचे वार्ताहर आणि इतिहासाचे विद्यार्थी यांना ही साखळी कशी जुळवावी, याची माहिती व्हावी म्हणून हे लिहिले आहे.

गाव तेव्हा कोणाच्या राज्यात होते

सुरुवात येथूनच करावी, कारण आजचा महाराष्ट्र तेव्हा एका सत्तेखाली नव्हता आणि चुकीच्या राज्याचे कागद शोधण्यात महिने वाया जातात. ठाणे, कुलाबा, रत्नागिरी, नाशिक, खानदेश, पुणे आणि सातारा हे मुंबई इलाख्यात होते. नागपूर आणि चांदा हा भोसल्यांचा मुलूख १८५४ मध्ये खालसा झाला आणि १८६१ पासून मध्य प्रांतात गेला. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून कंपनीच्या ताब्यात आले, पण कायद्याच्या दृष्टीने तो निजामाचाच मुलूख राहिल्यामुळे तेथे ब्रिटिश कायदे आपोआप लागू होत नसत, ते स्वतंत्रपणे लागू करावे लागत. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे तेथील जुन्या वनखात्याचे कागद बरेचसे उर्दूत आहेत आणि त्यांचा शोध हैदराबादच्या पुराभिलेखागारापर्यंत न्यावा लागू शकतो. जव्हार, सावंतवाडी, जंजिरा, कोल्हापूर ही संस्थाने आणखी वेगळी. जव्हारच्या गावाचा वाद सांगताना मुंबई इलाख्यातील अधिसूचना पुढे करणे ही नेहमी आढळणारी चूक आहे आणि समोरचा वकील ती लगेच पकडतो.

सत्ता कळली की त्या भागातील वहिवाटीचे नावही कळते. मध्य प्रांतात सरपण, घरबांधणीचे लाकूड, गवत आणि चराई यांच्या वापराला निस्तार म्हणत आणि त्याच्या नोंदी निस्तारपत्रकात, तर गावच्या रूढी वाजिब-उल-अर्जमध्ये लिहिल्या जात. ठाणे व कुलाब्यात प्रश्न राबाचा होता, म्हणजे भाताची रोपे तयार करण्यापूर्वी जमीन भाजण्यासाठी लागणाऱ्या फांद्यांचा. रायगडमध्ये आजही दळी जमीन म्हणतात, ठाणे-पालघरमध्ये एकसाली प्लॉट. या दोन्हींत कसणारा वर्षानुवर्षे तोच असला तरी जमीन वनखात्याची आणि परवानगी मर्यादित, अशी रचना होती. म्हणून या कुटुंबांचे नाव सातबाऱ्यावर सापडत नाही आणि ते तेथे शोधत बसण्यात अर्थ नसतो.

वहिवाट सवलत कधी झाली

संपूर्ण शोधाचा गाभा हा आहे. इंग्रज येण्यापूर्वी जंगलावर सत्तेचा अंमलच नव्हता, असे समजू नये. आरमारासाठी सागवान लागे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात त्याची व्यवस्था सांगितली आहे आणि आंबा-फणसासारखी रयतेने वाढवलेली झाडे मालकाला राजी करून, मोल देऊनच घ्यावीत, अशी ताकीदही आहे. म्हणजे राज्य लाकूड घेत होते, करही घेत होते, परंतु गावाचा जंगलातील रोजचा वापर हा राज्याने दिलेल्या परवान्यावर उभा नव्हता. हा फरक न सांगता "पूर्वी सारे जंगल लोकांचे होते" असे लिहिले, तर एका उलटतपासणीत सगळे लिखाण लंगडे पडते.

मुंबई इलाख्यात १८४७ मध्ये अलेक्झांडर गिब्सन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. गोदीला सागवान हवे होते आणि १८५३ नंतर रेल्वेच्या स्लीपरची मागणी वाढत गेली. १८६४ मध्ये डीट्रिख ब्रँडिस हे पहिले वन महानिरीक्षक झाले, १८६५ मध्ये पहिला वन कायदा आला आणि १८७८ मध्ये दुसरा. या दोन कायद्यांच्या दरम्यान सरकारात मोठा वाद झाला होता. सरकारी अधिकारी बेडन-पॉवेल यांच्या पक्षाचे म्हणणे असे की, राज्याने स्पष्टपणे दिलेला असेल तोच हक्क आणि बाकी सारा वापर, तो कितीही जुना असो, केवळ सरकारच्या मर्जीने चाललेला आहे. ब्रँडिस काहीसे मवाळ होते आणि गावांसाठी वेगळी जंगले राखावीत असे त्यांना वाटे. मद्रास सरकारने तर गावकऱ्यांच्या वापराला हक्क मानावे, असा आग्रह धरला होता. १८७८ चा कायदा मुख्यतः पहिल्या विचाराने झाला. त्यात राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे तीन प्रकार होते. राखीव जंगलात जे स्पष्टपणे मान्य केले नाही ते सारे मना होते, तर संरक्षित जंगलात जे मना केले नाही ते करता येत असे. ग्रामवनाची तरतूद बहुतांशी कागदावरच राहिली. माझ्या मते पुढील दीडशे वर्षांचे भांडण या तिसऱ्या प्रकाराच्या अनास्थेत जेवढे आहे, तेवढे पहिल्याच्या कठोरपणातही नाही.

आपल्या गावाचे जंगल यांपैकी कोणत्या प्रकारात, कधी आणि कोणत्या अधिसूचनेने गेले, हे शोधावे. १९२७ चा भारतीय वन कायदा आजही लागू आहे आणि त्याची प्रक्रिया १८७८ च्याच वळणाची आहे, म्हणून त्यातील कलमे पाठ असावीत. कलम ४ खाली जंगल राखीव करण्याचा इरादा जाहीर होतो. कलम ६ खाली वन जमाबंदी अधिकारी, म्हणजे लोकांच्या हक्कांची चौकशी करणारा अधिकारी, स्थानिक भाषेत उद्घोषणा काढून हक्क सांगण्यासाठी किमान तीन महिन्यांची मुदत देतो. मुदतीत न सांगितलेले हक्क कलम ९ प्रमाणे, काही अपवाद वगळता, संपुष्टात येतात आणि कलम २० खाली अंतिम घोषणा होते. ज्या कातकरी, वारली, माडिया किंवा भिल्ल कुटुंबापर्यंत लेखी उद्घोषणा पोहोचण्याची शक्यताच नव्हती, त्याचा हक्क कोणी हिरावून घेतल्याची नोंद कोठेही मिळणार नाही. तो नुसता "सांगितला गेला नाही" म्हणून गेला. या कारणासाठी दप्तरात अन्यायाची नोंद शोधण्याऐवजी तारखा शोधाव्यात: इरादा कधी, मुदत कधी संपली, चौकशीत किती जणांनी हक्क सांगितला, अंतिम घोषणा झाली की नाही. काही ठिकाणी कलम ४ नंतरची प्रक्रिया दशकानुदशके अपुरीच राहिलेली असते आणि तरीही जमीन राखीव समजून कारभार चालू असतो. असे आढळल्यास तो दुवा विशेष जपावा.

कागद कोठे आणि कसे वाचावेत

तलाठी कार्यालयापासून आरंभ करावा. गाव नमुना १-अ ही वनजमिनींची नोंदवही आहे आणि १-इ ही अतिक्रमणांची. एकच क्षेत्र दोन्हींत कसे आले, हे फेरफार नोंदींवरून पाहावे. त्यानंतर तहसीलच्या अभिलेख कक्षातून आणि भूमी अभिलेख कार्यालयातून जुने नकाशे व आकारबंद (जमिनींच्या क्षेत्राची व आकारणीची नोंदवही) यांच्या प्रमाणित नकला घ्याव्यात. वनखात्याकडे अधिसूचना, वन जमाबंदीचा अहवाल आणि कार्य आयोजनेची, म्हणजे त्या जंगलाच्या व्यवस्थापन आराखड्याची, प्रत मागावी. तोंडी नकार मिळाला तर माहितीच्या अधिकाराखाली लेखी मागावी, म्हणजे "उपलब्ध नाही" हे उत्तर तरी सहीशिक्क्याने मिळते आणि तेही पुढे उपयोगी पडते. याहून जुने काही हवे असल्यास मुंबई, पुणे, नागपूर किंवा कोल्हापूर येथील पुराभिलेखागार गाठावे लागते.

गॅझेटियर, म्हणजे इंग्रज सरकारने काढलेला जिल्ह्याचा माहितीग्रंथ, सर्वांत सहज मिळतो. राज्याच्या दर्शनिका विभागाने जुने खंड महाजालावर ठेवले आहेत. ठाण्याचा खंड १८८२ चा आहे, खानदेशचा १८८० चा. या खंडांत आदिवासींविषयी तुच्छतेने लिहिलेला मजकूर जागोजागी भेटतो आणि तो वाचून पुस्तक मिटून ठेवावेसे वाटते. तसे करू नये. ज्या अधिकाऱ्याला या लोकांचा हक्क मान्य करायचा नव्हता, त्यानेच ते अमुक डोंगरात राहतात, कात काढतात, डिंक आणि मध गोळा करतात, असे लिहून ठेवले असेल, तर तो पुरावा स्नेह्याच्या साक्षीपेक्षा भक्कम ठरतो. मात्र गॅझेटियरमधील कारणमीमांसा, विशेषतः "आळस", "अज्ञान", "जंगलाची नासाडी" या शब्दांत केलेली, पुरावा म्हणून उचलू नये.

तक्रारींच्या कागदांकडे बहुतेक अभ्यासकांचे दुर्लक्ष होते. ठाणे व कुलाब्यातील असंतोषामुळे मुंबई सरकारने १८८५ मध्ये वन आयोग नेमला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला आणि राब, सरपण, चराई यांविषयीचे गाऱ्हाणे त्यात नोंदले गेले. त्याच दशकात जोतीराव फुल्यांनी वनखात्याने गावांची गायराने गिळल्याचे आणि शेतकऱ्याला शेळी-मेंढी चारायलाही जागा न उरल्याचे लिहिले आहे. पुढे १९३० च्या जंगल सत्याग्रहात पुसद, बिळाशी, अकोले, चिरनेर अशा कितीतरी ठिकाणी लोकांनी ठरवून गवत कापले, झाडे तोडली. चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी गोळीबार झाला. या खटल्यांचे आणि पोलिसांचे कागद केवळ स्वातंत्र्यलढ्याचे म्हणून बाजूला ठेवू नयेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने अनुसूचित जमातींबाहेरच्या पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवायला सांगितले आहे आणि ती सीमारेषा बरोबर १९३० च्या डिसेंबरात पडते. वसाहतकाळातील अन्याय दूर करणारा कायदा वसाहतकाळातील दप्तरालाच साक्षीला बोलावतो, ही त्यातील मोठी अडचण आहे. ज्यांचे अस्तित्व नोंदवण्यात त्या दप्तराला रस नव्हता, त्यांना ते सापडणार कोठे? आरोपपत्रात आलेले गाव, आडनाव आणि जागा अशा वेळी कामी येते.

१९४७ पाशी थांबू नये

परकीय सत्तेला दोष देऊन १९४७ मध्ये लेखणी ठेवणे सोपे असते, पण तसा इतिहास अर्धवट राहतो. ज्या १९२७ च्या कायद्याचा भंग लोकांनी १९३० मध्ये केला, तोच स्वतंत्र भारताने चालू ठेवला. १९५२ च्या राष्ट्रीय वननीतीने तर गाव जंगलाजवळ असणे हा योगायोग आहे आणि त्यामुळे देशाच्या लाभाला बाध येऊ नये, अशी भूमिका घेतली. जमीनदारी आणि मालगुजारी (मध्य प्रांतातील गावाचा सारा भरणाऱ्या मालगुजारांची मालकी) गेली तेव्हा मध्य प्रदेशाच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारांची जंगले राज्याकडे आली. चांदा जिल्हा तेव्हा त्या राज्यात होता आणि १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला. या बदलात निस्ताराचे काय झाले, हा प्रश्न आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीतील प्रत्येक गावाने विचारला पाहिजे. गडचिरोलीत पुढे बांबू दीर्घ मुदतीच्या कराराने कागद कारखान्याला दिला गेला, तर कुंपणासाठी बांबू तोडणारा गावकरी गुन्हेगार ठरत राहिला. हा निर्णय लंडनमध्ये झाला नव्हता, पण तो घेण्याची सत्ता ज्या कायद्यातून आली तो कायदा वसाहतीचा होता. दोन्ही गोष्टी लिहाव्यात.

वनहक्क कायद्याची प्रस्तावनाही हेच सांगते. वसाहतकाळात तसेच स्वतंत्र भारतात राज्याची जंगले पक्की करताना हे हक्क पुरेसे मान्य झाले नाहीत आणि त्यातून ऐतिहासिक अन्याय झाला, असे संसदेने त्यात म्हटले आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी स्वतःचा बांबू विकण्यासाठी वाहतूक परवान्यावर गावाचा अधिकार मान्य व्हायला २०११ उजाडले. जुना कायदा कसा टिकतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे मिळणार नाही: मालकी मान्य झाली आणि तरी नाक्यावर पास मागणारा नियम तसाच राहिला.

टिपण तयार करताना

मिळालेले सारे कागद कालक्रमाने लावून एक टिपण करावे. प्रत्येक नोंदीत साल, निर्णय घेणारा अधिकारी किंवा कायदा, बंद झालेला वापर आणि त्याचा आजचा पुरावा एवढेच असावे. जेथे दोन नोंदींच्या मध्ये कागद नाही, तेथे तर्काने पूल बांधू नये. जागा रिकामी ठेवून दावेदारांखेरीज इतर वृद्धांचे लेखी जबाब त्या काळासाठी घ्यावेत, कारण वनहक्क कायद्याखालील नियमांपैकी नियम १३ मध्ये असे जबाब, गॅझेटियर, जनगणना, जमाबंदी अहवाल आणि निस्तारपत्रक यांचा पुरावा म्हणून स्पष्ट उल्लेख आहे. दाव्यासोबत त्यांपैकी किमान दोन पुरावे लागतात. वैयक्तिक दावा नमुना अ मध्ये, सामूहिक हक्कांचा ब मध्ये आणि सामूहिक वनसंपत्तीचा क मध्ये करावा. उपग्रह छायाचित्रात शेत दिसत नाही म्हणून दावा नाकारला गेला, तर नियम १२-अ दाखवावा. असे छायाचित्र इतर पुराव्याला पूरक असते, त्याची जागा घेऊ शकत नाही. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे आणि तिच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा समितीकडे साठ दिवसांत जाता येते. अनुसूचित क्षेत्रातील गावांना २०२० च्या राज्यपालांच्या अधिसूचनेमुळे जिल्हा समितीच्या निर्णयाविरुद्ध विभागीय समितीकडेही दाद मागता येते. टिपणाची एक प्रत ग्रामसभेच्या दप्तरात ठेवावी आणि प्रत्येक टप्प्यावर पोच घ्यावी.