ठिणगीच पडेना, शेवटी फ्रिझन कडक केली

पेनसिल्व्हेनियात नाताळानंतर हरणांच्या शिकारीचा एक सीझन फक्त चकमकीच्या बंदुकांचा असतो, त्यासाठी 50 कॅलिबरची फॅक्टरीमेड रायफल घेतली. नवीकोरी, पण दहादा चाप ओढला तर चारदाच रंजक, म्हणजे ठिणगीने आधी पेटणारी थोडीशी बारीक दारू, पेटायची, इतके पैसे मोजून हे, फार राग आला. आधी सोबतचा करवतीने कापलेला दगड काढून हाताने फोडलेला काळा फ्लिंट चामड्यात धरून बसवला, थोडाच फरक. मग फ्रिझनवर, म्हणजे दगड घासतो त्या पोलादी पाटीवर, कानस फिरवली तर सरळ चावायला लागली, पोलाद मऊच! हे कारखान्यातच तपासायला हवं होतं ना. सुटी करून कार्बन पावडरमध्ये लालबुंद तापवली, पाण्यात बुडवली, ओव्हनमध्ये हलकी तापवून कडकपणा थोडा उतरवला. आता पांढऱ्या ठिणग्या चुरचुरत थेट पॅनमध्ये, म्हणजे रंजकेच्या वाटीत, पडतात. बॅरल मात्र पहिल्यापासून उत्तम.