क्राबीची सात बेटं, स्नॉर्केलिंग आणि काळोखातलं पोहणं: पुण्यातून निघण्याआधीची तयारी

तिकिटं शोधायला बसण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढा, कारण या सहलीतलं निम्मं यश तिथीवर ठरतं. थायलंडमधल्या क्राबीची सात बेटांची सहल साधारण दुपारी एक-दोनला आओ नांगच्या किनाऱ्यावरून सुटते. पोडा, टुप, मोर, चिकन आयलंड अशी बेटं, मध्ये एक-दोन ठिकाणी स्नॉर्केलिंग (मास्क आणि नळी लावून, पालथं तरंगत पाण्याखालचं पाहणं), वाळूवर सूर्यास्त आणि जेवण, आणि काळोख पडला की बोट उभी करून, इंजिन आणि दिवे बंद करून पाण्यात उतरायचं. हात हलवला की पाण्यातले सूक्ष्म जीव निळसर चमकतात. यांना डायनोफ्लॅजेलेट म्हणतात. पाणी ढवळलं गेलं की त्यांच्या पेशीत रासायनिक क्रिया होते आणि क्षणभर प्रकाश पडतो. तो इतका मंद असतो की आकाशात चंद्र असला तर जवळपास दिसतच नाही. पौर्णिमेच्या आसपास जाणाऱ्यांच्या पदरी निराशा येते ती यामुळेच.

संकष्टीचा चंद्रोदय रात्री नऊच्या मागेपुढे असतो हे आपल्याकडे घरोघरी माहीत असतं, आणि तोच हिशोब इथे कामाला येतो. पाण्यात उतरायची वेळ संध्याकाळी पावणेसात ते साडेसातच्या दरम्यान येते. म्हणजे संकष्टीपासून अमावास्येपर्यंत कोणतीही संध्याकाळ अंधारी मिळेल. पण सगळ्यांत गडद म्हणून सरळ अमावास्या धरू नका. अमावास्येला उधाण असतं. पाण्याला ओढ जास्त, तळाची वाळू उचलली जाते आणि दुपारच्या स्नॉर्केलिंगला पाणी गढूळ मिळतं. वद्य अष्टमी ते दशमी हे दिवस आम्हाला सर्वांत चांगले वाटतात: भांगाची भरती (म्हणजे पाण्याचा चढउतार कमी), प्रवाह हलका, पाणी स्वच्छ आणि चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास किंवा त्यानंतर उगवणारा. यात एक गोष्ट मात्र हातची जाऊ शकते. टुप आणि मोर बेटांना जोडणारी वाळूची वाट ओहोटीलाच वर येते, आणि भांगाच्या दिवसांत ती पूर्ण उघडी पडेलच असं नाही. वाट हवी की स्वच्छ पाणी, हे घरी बसून ठरवा. तिथीच्या पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा कोकणातला आडाखा क्राबीला लागू होत नाही. तिथलं भरती-ओहोटीचं वेळापत्रक वेगळं पाहावं लागतं.

दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्या. भाऊबीज म्हणजे शुद्ध द्वितीया. त्यानंतर चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा मावळतो, त्यामुळे भाऊबीज उरकून निघालेल्या मंडळींना चार-पाच दिवसांत चांदणंच भेटतं. शिवाय नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिकडे पावसाची शेपूट असू शकते. डिसेंबर ते मार्चमधला एखादा वद्य पक्ष पकडलात तर समुद्रही शांत असतो. मे ते ऑक्टोबर हा तिथला पावसाळा. लाटा असतात, सहली ऐनवेळी रद्द होतात.

आता कागदपत्रं, थोडक्यात. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर किमान सहा महिने शिल्लक हवी. थायलंडचे व्हिसाचे नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशीच सरकारी संकेतस्थळावर पाहा. 1 मे 2025 पासून डिजिटल आगमनपत्र सक्तीचं झालं आहे. ते पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं आणि त्याला पैसे लागत नाहीत. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते सरकारी नाही असं समजा. प्रवास विम्याच्या कागदात स्नॉर्केलिंग धरलं आहे की वगळलं आहे, ती ओळ शोधून वाचा. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवा, आणि ई-सिगारेट अजिबात नेऊ नका, तिथे त्यावर बंदी आहे. रात्रीचं विमान असेल तर पोचल्या दिवशी बोट ठरवू नका. झोप झाली नसेल तर बोट हमखास लागते. बोट दुसऱ्या दिवशी ठेवा आणि हवा बिघडली तर हाताशी असावा म्हणून तिसरा दिवस मोकळा सोडा.

खरी तयारी पाण्याची, आणि ती निघण्याच्या महिनाभर आधी पुण्यातच सुरू करावी. टिळक टँक असो, महापालिकेचा तलाव असो की सोसायटीचा. मास्क आणि नळी घेऊन उतरायची परवानगी आधी प्रशिक्षकांकडून घ्या, कारण बॅचच्या गर्दीत ती सहसा मिळत नाही. पहिल्या दिवशी छातीभर पाण्यात कठडा धरून पाच मिनिटं फक्त तोंडाने श्वास घ्या. नाक बंद असताना तोंडाने सावकाश श्वास घेणं मेंदूला पटायला वेळ लागतो, आणि समुद्रात घाबरगुंडी उडते ती बहुतेक इथेच. मग मास्कमध्ये मुद्दाम थोडं पाणी घ्या, वरची कड बोटांनी कपाळाला दाबून धरा, मान किंचित वर करा आणि नाकाने जोरात हवा सोडा. पाणी खालच्या कडेने निघून जातं. नळीत पाणी शिरलं तर आधी श्वास ओढायचा नाही, एक जोरदार फुंकर मारायची, आणि मगच हळूच हवा घ्यायची. या दोन गोष्टी दहा वेळा न चुकता जमेपर्यंत पुढे जाऊ नका. ज्यांना त्या जमत नाहीत ते मास्कमध्ये पाणी आलं की पाय खाली टाकतात, आणि खाली प्रवाळ असतं. प्रवाळ मोडतं, पाय कापतो, आणि प्रवाळाची जखम लवकर भरत नाही.

काळोखासाठी वेगळा सराव लागतो. सोबत्याला शेजारी उभं करा, लाइफ जॅकेट घाला, डोळे मिटून पाठीवर दोन मिनिटं तरंगा. दिशा कशी हरवते आणि श्वास कसा जलद होतो, हे एकदा अनुभवलं की तिथे दचकायला होत नाही. न थांबता दोनशे मीटर पोहता येत असेल आणि दहा मिनिटं तरंगता येत असेल तर उत्तम. पोहता येत नसेल तरी जॅकेट घालून, बोटीचा दोर धरून ही चमक पाहता येते. पण चेहरा पाण्यात घालायचा सराव त्यांनाही हवाच.

मास्क स्वतःचा न्या. भाड्याच्या मास्कची कड कडक झालेली असते आणि गळती तिथूनच होते. दुकानात पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास ओढा आणि हात सोडा. तो चिकटून राहिला तर माप बरोबर. मिशी असेल तर नाकाखालची पट्टी बारीक कापा, नाहीतर पाणी तिथूनच झिरपतं. नव्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो. साधी पांढरी टूथपेस्ट आतून बोटाने चोळून दोन-तीनदा धुवा, नाहीतर काही केल्या धुकं जात नाही. नंतर दरवेळी लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंब आतून फिरवायचा आणि हलकेच विसळायचं. चष्मा जास्त नंबरचा असेल तर नंबरच्या काचांचा मास्क मिळतो. पाण्याखाली वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठ्या दिसतात, म्हणून अगदी हलका नंबर असेल तर साध्या मास्कनेही चालून जातं. कॉन्टॅक्ट लेन्स घालून समुद्रात उतरू नका, जंतुसंसर्गाचा धोका असतो. पूर्ण चेहरा झाकणारा मास्क आम्ही सुचवत नाही: त्यात सोडलेली हवा पुन्हा श्वासात येऊ शकते, आणि गडबडीत तो चटकन निघत नाही.

कपड्यांत सुती टी-शर्ट नको. तो पाणी धरून ठेवतो आणि परतीच्या वाऱ्यात हुडहुडी भरते. पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड (पोहायचा अंगासरशी शर्ट) आणि घोट्यापर्यंतची लेगिंग घ्या. पालथं तरंगताना पाठ, मान आणि गुडघ्यांच्या मागची बाजू सर्वांत आधी भाजते, आणि जेलीफिशपासूनही हाच कपडा वाचवतो. सनस्क्रीनची बाटली उलटी करून घटक वाचा: ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट, 4-मिथाइलबेन्झिलिडीन कॅम्फर किंवा ब्युटिलपॅराबेन यांपैकी काही असेल तर ती घरीच ठेवा. थायलंडच्या सागरी राष्ट्रीय उद्यानांत ऑगस्ट 2021 पासून यांना बंदी आहे आणि दंड एक लाख बाटपर्यंत होऊ शकतो. झिंक ऑक्साइडवाली घ्या. पायांत मागे पट्टा असलेली सँडल किंवा पाण्यातले बूट हवेत, कारण बोटीत चढता-उतरताना गुडघाभर पाण्यातून चालावं लागतं आणि खडक धारदार असतात. टर्किश टॉवेलपेक्षा आपला पंचा कधीही सरस; घडी लहान होते, पिळला की वाऱ्यावर वाळतो. परतीसाठी पातळ विंडचीटर आणि एक कोरडा जोड दहा लिटरच्या ड्राय बॅगेत ठेवा. तिचं तोंड किमान तीनदा गुंडाळूनच बकल लावायचं. मोबाइलच्या पाऊचमध्ये आधी कोरडा टिश्यू पेपर घाला आणि ते अर्धा तास बादलीत बुडवून ठेवा. कागद कोरडा निघाला तरच त्यात फोन घाला.

ताम्हिणीच्या वळणांवर ज्यांना मळमळतं त्यांना बोट लागणार असं धरून चाला. गोळी, डोस आणि वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा. ॲव्होमिनने झोप येते, म्हणून ती घरी एखाद्या सुट्टीच्या दिवशी घेऊन पाहा; डोळ्यांवर झापड असताना काळोख्या पाण्यात उतरणं धोक्याचं आहे. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. दुपारी उपाशी राहू नका, तळलेलंही नको. साधा भात आणि केळं पुरतं. बोटीवरचं जेवण बहुधा चिकन-मासळीचं असतं, म्हणून शाकाहारी असल्याचं बुकिंगच्या वेळीच लिहून कळवा. भाज्यांतही फिश सॉस पडतो. ‘जे’ असं सांगितलं तर मांस, मासे, अंडी काहीच नको हे तिथे कळतं, आणि ते लसूण-कांदाही घालत नाहीत. खाकरा आणि चिक्की जवळ असू द्या.

बोट ठरवताना हे विचारा: एकूण माणसं किती, मुलांच्या मापाची जॅकेटं आहेत का, चढायला शिडी आहे का, रात्री वाटाड्या स्वतः पाण्यात उतरतो का, व्हिनेगर बोटीवर ठेवता का, राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क धरलं आहे की वेगळं. शुल्क बहुधा वेगळंच असतं, बाटमध्ये रोख ठेवा. लाकडी लाँगटेल बोट सावकाश जाते. स्पीडबोट घेतलीत तर पुढच्या टोकाला बसू नका. लाटेवर पुढचा भाग आपटतो आणि मणक्याला इजा होते. गरोदर स्त्रिया आणि पाठीचं दुखणं असलेल्यांनी स्पीडबोट टाळावी. हृदयविकार, दमा, फिट्स यांपैकी काही असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पाण्यात उतरू नका. घरातल्या ज्येष्ठांना ‘काही होत नाही, चला’ असा आग्रह करू नका.

रात्रीचे नियम आदल्या दिवशी घरच्यांना बसवून सांगा. लाँगटेलचा पंखा लांब दांड्याच्या टोकाला, बोटीच्या बराच मागे असतो, म्हणून बोटीच्या मागच्या बाजूला पोहत जायचंच नाही. इंजिन पूर्ण बंद झालं, वाटाड्याने सांगितलं, की शिडीनेच उतरायचं. उडी नाही, कारण खाली कोण आहे ते दिसत नाही. जॅकेटच्या पाठीवर लहान ग्लोस्टिक अडकवा. दोघांची जोडी, आणि जोडीदार हाताच्या अंतरावर. किती जण उतरले आणि किती वर आले, हे घरातल्या एकाने मोजायचं. बिअर परतल्यावर. टॉर्च आणि फोनचे पडदे बंद ठेवा, डोळे काळोखाला सरावायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. मास्क लावूनच उतरा: चेहरा पाण्यात घालून बोटं पसरून हात हलवला की प्रत्येक बोटामागे ठिणग्यांची रेघ उठते, आणि ती वरून पाहिल्यापेक्षा कितीतरी स्पष्ट दिसते. जाहिरातींतले फोटो कॅमेऱ्याचं शटर कित्येक सेकंद उघडं ठेवून काढलेले असतात, तसा निळा समुद्र डोळ्यांना दिसत नाही, हे मुलांना आधीच सांगा. फोटोच्या नादात ती दहा-पंधरा मिनिटं घालवू नका.

जेलीफिश डसली तर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. किमान तीस सेकंद व्हिनेगर ओतत राहा, मग उरलेले धागे चिमट्याने काढा. श्वास अडकत असेल किंवा छातीत दुखत असेल तर बोट लगेच किनाऱ्याला न्यायला सांगा. समुद्री साळूचा (सी अर्चिनचा) काटा लागला तर तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. माशांना ब्रेड घालणं, शिंपले किंवा प्रवाळाचे तुकडे उचलणं हे तिथे गुन्ह्यात मोडतं, तेव्हा मुलांचे खिसे बोटीतच तपासा.

हॉटेलवर आल्यावर मास्क, नळी आणि ड्राय बॅग गोड्या पाण्यात दहा मिनिटं भिजवून सावलीत वाळत घाला. उन्हात सिलिकॉन पिवळं पडतं. मान दोन्ही बाजूंना कलती करून कानातलं पाणी निथळू द्या, काडी घालू नका. दुसऱ्या दिवशी कानाची पाळी ओढल्यावर दुखलं तर कानात संसर्ग सुरू झाला असं समजा, आणि परतीच्या विमानाआधीच तिथल्या डॉक्टरांना दाखवा.