बॉम्बे बीचला जाताना: सॉल्टन सीच्या काठी चार दिवस कसे राहावे

कॅलिफोर्नियाच्या दक्षिणेला, समुद्रसपाटीपासून सुमारे ७० मीटर खाली असलेल्या वाळवंटी खोलगटात, सॉल्टन सी हे खारे सरोवर आहे. त्याच्या पूर्व काठावर बॉम्बे बीच ही छोटी वस्ती असून २०२०च्या जनगणनेत तिथे अवघी २३१ माणसे नोंदली गेली. नावामुळे मराठी माणसाची उत्सुकता चाळवते आणि लॉस एंजेलिसहून गाडीने तीन-एक तासांत पोहोचताही येते. मात्र बहुतेक पाहुणे तासाभरात पडक्या घरांचे फोटो काढून परततात. त्यापेक्षा तीन-चार दिवस राहावे, म्हणजे ही वस्ती मोडकळीस आली असली तरी माणसांची आहे, हे नीट कळते.

जाण्यासाठी नोव्हेंबर ते मार्च हाच काळ निवडावा. उन्हाळ्यात पारा सहज ४५ अंश सेल्सियसच्या वर जातो, पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि कुजक्या अंड्यांसारखा वास वस्तीभर साचून राहतो. सप्टेंबर २०१२ मध्ये हा वास थेट लॉस एंजेलिसपर्यंत पोहोचला होता. हिवाळ्यात हवा सुसह्य असते आणि स्थलांतर करणारे पक्षीही दिसतात. गाडीची टाकी वाटेतच पूर्ण भरून घ्यावी, कारण वस्तीत पेट्रोलपंप नाही. पिण्याचे पाणी आणि नेहमीची औषधे बरोबर ठेवावीत. बाकी किरकोळ सामान मात्र शक्यतो तिथल्या छोट्या दुकानातूनच घ्यावे, कारण इतक्या कमी वस्तीत चार गिऱ्हाईकांनीही फरक पडतो.

तयारीतला सर्वांत महत्त्वाचा भाग धुळीचा आहे आणि तो समजण्यासाठी सरोवराची हकिगत माहीत हवी. १९०५ मध्ये कोलोरॅडो नदीचे पाणी शेतीसाठी आणणारा कालवा फुटला आणि १९०७ मध्ये ते भगदाड बुजवेपर्यंत नदी या खोलगटात वाहत राहिली. त्यानंतर सरोवर टिकले ते आसपासच्या शेतांतून येणाऱ्या निचऱ्याच्या पाण्यावर. १९५० आणि १९६०च्या दशकांत इथे नौकाविहार आणि मासेमारीसाठी झुंबड उडत असे. पुढे २००३ च्या करारानुसार शेतीच्या पाण्याचा काही हिस्सा शहरांकडे वळवला गेला. त्याची भरपाई म्हणून सरोवरात सोडले जाणारे पाणी २०१७ अखेर थांबले, तेव्हापासून काठ झपाट्याने मागे हटत आहे. उघड्या पडलेल्या तळात शेतांतून दशकानुदशके वाहून आलेली खते, कीटकनाशके आणि सेलेनियम (जास्त प्रमाणात विषारी ठरणारे मूलद्रव्य) साचलेले असून वारा सुटला की तीच माती उडून घराघरांत जाते. या भागातल्या मुलांमध्ये दम्याचे प्रमाण मोठे आहे.

म्हणून निघण्यापूर्वी वाऱ्याचा आणि हवेच्या गुणवत्तेचा अंदाज पाहावा. जोराच्या वाऱ्याच्या दिवशी खिडक्या लावून घरातच थांबावे आणि बाहेर पडावेच लागले तर एन-९५ मास्क लावावा. दम्याचा त्रास असणाऱ्याने इनहेलर खिशात ठेवावा. खोलीत बसलेली धूळ कोरड्या झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, नाहीतर ती पुन्हा हवेत जाते. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो: सुकलेल्या तळावर गाडी घालू नये. वरचा कडक पापुद्रा आहे तोवर खालची भुकटी दबून राहते. चाकांनी तो फुटला की आपण निघून जातो आणि ती धूळ तिथल्या मुलांच्या छातीत जाते. केवळ मौजेखातर केलेला हा प्रकार मला अक्षम्य वाटतो.

काठावर पायी जावे, जाड तळव्याचे बूट घालून आणि आधी पडलेल्या पायवाटेनेच. दुरून पांढरीशुभ्र वाळू वाटते, पण ओंजळीत घेतली की तिच्यात माशांचे मणके, काटे आणि बार्नेकल या चिकटून राहणाऱ्या जिवांची फुटकी कवचे दिसतात. पायाखाली त्यांचा करकर आवाज होतो. पाण्याजवळ पांढऱ्या थराखाली काळा चिखल असतो, त्यात पाय रुतला तर बूट तिथेच राहतो. पाण्याचा खारटपणा समुद्राच्या जवळपास दुप्पट झाला आहे आणि त्यात शेतांचा निचरा मिसळतो, त्यामुळे पोहण्याचा मोह टाळावा.

वस्तीत हिंडताना प्रत्येक मोडके घर ओसाड आहे असे धरून चालू नये. १९७६ आणि १९७७ च्या वादळांनंतर काठाजवळची घरे पाण्याखाली गेली आणि उरलेल्या वस्तीभोवती मातीचा बांध घातला गेला. आज त्या बांधावर उभे राहिले तर पाणी कितीतरी लांब दिसते. पत्रे उडालेल्या ट्रेलरमागेही कोणाची तरी चूल पेटत असू शकते, म्हणून अंगणात शिरण्याआधी हाक द्यावी आणि फोटोसाठी परवानगी मागावी. किनाऱ्यावरच्या उघड्या कलाकृती मात्र खुशाल पाहाव्यात. २०१६ पासून बॉम्बे बीच बिएनाले या उपक्रमामुळे इथे कलावंतांची ये-जा वाढली आहे. त्याने वस्तीचे भले झाले की घरे महागली, यावर लोकांची मते वेगवेगळी आहेत. आपण बाजू न घेता ऐकून घ्यावे.

ऐकण्यासाठी संध्याकाळी स्की इन या खाणावळवजा बारमध्ये जावे. भिंतींवर आणि छतावर गिऱ्हाइकांनी चिकटवलेल्या एक डॉलरच्या नोटांचे थरच्या थर आहेत. एखाद्या वयस्कर रहिवाशाशी गप्पा सुरू करायच्या असतील तर वस्तीच्या दुरवस्थेविषयी विचारू नये, कॉर्व्हिना माशांविषयी विचारावे. एकेकाळी लोक याच माशांसाठी दुरून येत.

रात्री झोपताना बूट आणि विजेरी उशाशी असावी, कारण सॅन अँड्रियास प्रस्तरभंगाचे, म्हणजे भूकंप घडवणाऱ्या जमिनीतल्या मोठ्या भेगेचे, दक्षिण टोक इथून जवळ आहे आणि छोट्या धक्क्यांच्या मालिका अधूनमधून येतात. परतताना बुटांच्या खाचांत अडकलेला चिखल आणि कवचांची चुरी गाडीत बसण्याआधी काडीने काढून टाकावी. ती गाडीत राहिली, तर तो वास कित्येक दिवस जात नाही.