फ्लूची साथ आली की टॅमिफ्लूचं नेमकं काय करायचं

साथीची बातमी टीव्हीवर आली रे आली की टॅमिफ्लू या फ्लूवरच्या औषधासाठी आमच्या घरच्या ग्रुपवर मावशीचा मेसेज ठरलेला, "टॅमिफ्लूची स्ट्रिप आणून ठेवलीस का गं?" २०२३ च्या मार्चमध्ये एच३एन२ या फ्लूच्या प्रकाराचं सुरू झालं तेव्हाही हेच. मी तिला हसत नाही, कारण तिने २००९ चं पुणं बघितलंय. ३ ऑगस्टला स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, शाळेत जाणारी चौदा वर्षांची मुलगी, आणि मग आठवड्याभरात शाळा बंद, मल्टिप्लेक्स बंद, नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा, मास्क ब्लॅकने, आणि गळ्यात कापूर-वेलचीच्या पुरचुंड्या. आम्हीही बांधून फिरलो, खोटं कशाला बोलू.

तर भीती वाटणं ठीकच आहे, पण गोळी आणून ठेवण्यापेक्षा कामाची गोष्ट फुकट आहे. घरात कुणाला ताप, खोकला, अंगदुखी सुरू झाली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात वेळ लिहा. आमच्याकडे गेल्या वेळचं अजून दिसतंय, "मंगळ, रात्री ९, थंडी वाजली, १०१". थर्मामीटर लावला ती वेळ नाही हां, पहिल्यांदा कणकण कधी वाटली ती. कारण फ्लूचा विषाणू आपल्या पेशीत वाढतो आणि बाहेर पडताना न्यूरामिनिडेज नावाच्या कात्रीने स्वतःला कापून सोडवून घेतो, टॅमिफ्लू म्हणजे ऑसेल्टामिव्हिर ती कात्री जाम करतं. एकदा विषाणू भरपूर वाढून पसरल्यावर कात्री जाम करून तेवढा उपयोग नाही, म्हणून पहिले ४८ तास महत्त्वाचे. डॉक्टरने "ताप कधीपासून" विचारलं की आपण "झाले की दोन-तीन दिवस" असं म्हणतो ना, त्या दोन आणि तीनमध्येच सगळं अडकलेलं असतं.

आता पेशंट कुठल्या गटातला ते बघा. सरकारच्या गाइडलाइनमध्ये ए, बी, सी असे गट आहेत आणि मला ते फार सोयीचे वाटतात. साधा ताप, घसा, खोकला, अंग मोडून आलंय, पण बाकी माणूस धडधाकट, हा ए. याला टॅमिफ्लू नको, टेस्टही नको, घरी झोपवा, एक-दोन दिवस लक्ष ठेवा, डॉक्टरशी फोनवर बोललात तरी पुष्कळ. ताप खूप चढलाय आणि घसा प्रचंड दुखतोय तर बी, इथे गोळी लागेल की नाही ते डॉक्टर ठरवतील. आणि बी मध्येच दुसरा भाग आहे तो लोक विसरतात, ताप साधाच आहे पण माणूस नाजूक आहे, म्हणजे पाच वर्षांखालचं पोर, ६५ च्या पुढचे आजी-आजोबा, गरोदर बाई, डायबेटिस, दमा, हृदय, किडनी, लिव्हर, कॅन्सरवाले, रोज स्टेरॉइड घेणारे. यांच्यासाठी वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, रिपोर्ट यायची वाट न बघता गोळी सुरू करतात. "बाळ पोटात आहे, आता औषध नको" असं घरातल्या मोठ्यांनी म्हटलं तर त्यांना नीट समजवा, गरोदरपणात धोका फ्लूचा जास्त असतो आणि हे औषध तेव्हा देतातच.

सी म्हणजे थेट हॉस्पिटल, तिथे विचार करत बसायचं नाही. धाप लागणं, छातीत दुखणं, थुंकीत रक्त, ओठ-नखं निळसर, बीपी खाली, पेशंट गुंगीत. लहान मूल खातपीत नाही, सतत किरकिरतंय किंवा उठवूनही नीट उठत नाही. करोनात घेतलेला ऑक्सिमीटर ड्रॉवरमध्ये असेल तो काढा, सेल बदला, बोटावरची नेलपेंट पुसा आणि मग लावा, ९४ च्या खाली गेला तर निघा. इथे ४८ तास उलटून गेले असले तरी हॉस्पिटलमध्ये औषध देतात, त्यामुळे "आता काय उपयोग" म्हणून घरी बसू नका.

घ्यायची कशी? मोठ्यांना ७५ मिलिग्रॅमची कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ पाच दिवस. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून उरलेल्या चार पुढच्या वेळेला ठेवायच्या नाहीत, आपल्याकडे ही सवयच आहे. किडनीचा त्रास असेल तर डोस कमी करावा लागतो, ते आधीच सांगा. मुलांचा डोस वजनावर, म्हणून क्लिनिकला जायच्या आधी पोराचं वजन करून जा, अंदाजाने अर्धी कॅप्सूल ओतून देणं हा प्रकार करू नका. पोटात मळमळतं, उलटी होते, हा या गोळीचा नेहमीचा त्रास आहे, दोन घास वरणभात किंवा पेज खाऊन घेतली की बरंच कमी होतं. लहान मुलाला कॅप्सूल उघडून द्यायला डॉक्टरने सांगितलं तर ती पूड कडूजहर असते, गुळाच्या किंवा साखरेच्या पाण्यात कालवा.

आता "टॅमिफ्लूने डोकं फिरतं म्हणे" याबद्दल. हे अगदीच हवेतलं नाही. जपानमध्ये काही मुलं औषध घेतल्यावर विचित्र वागली, त्यामुळे २००७ मध्ये तिथे १० ते १९ वयाच्या मुलांना देणं थांबवलं होतं, मग तसं फ्लूच्या तापानेही होतं असं दिसलं आणि २०१८ ला बंदी उठवली. तर मुलाला घाबरून औषध नाकारू नका, पण पहिले दोन दिवस त्याला एकट्याला झोपवू नका, गॅलरीचं दार लावून घ्या.

दुसरी शंका, "सगळा कंपन्यांचा धंदा आहे". यातही थोडं तथ्य आहे. २०१४ मध्ये औषधांचे पुरावे पडताळणाऱ्या कॉक्रेन नावाच्या गटाने सगळ्या चाचण्यांचे कागद तपासले तेव्हा मोठ्यांची दुखणी सात दिवसांवरून साधारण ६.३ दिवसांवर आली एवढंच निघालं, म्हणजे पाऊण दिवसही नाही. म्हणूनच तर ए गटातल्या माणसाला नको म्हणतात. पण या आकड्यावरून आजीचं औषध बंद करायचं हे मला पटत नाही, त्या चाचण्यांत बहुतेक माणसं मुळात धडधाकट होती.

चक्रीफूल उकळून काढा प्यायचा का? प्या की, चवीला छान लागतो. टॅमिफ्लू बनवायला लागणारं शिकिमिक आम्ल चक्रीफुलातून काढतात हे खरंय, पण त्यापासून औषध व्हायला कारखान्यात बऱ्याच पायऱ्या चढाव्या लागतात, ते आपल्या पातेल्यात होत नाही.

स्ट्रिप साठवायचं म्हणाल तर २००९ च्या ऑगस्टात हे औषध दुकानात मिळतच नव्हतं, सरकारी हॉस्पिटलातूनच मिळायचं, लोकांच्या मनात तीच धास्ती बसलीय. आता ते शेड्यूल एच१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत आहे, चिठ्ठी दाखवली की मिळतं आणि केमिस्टला रजिस्टरमध्ये पेशंट, डॉक्टर, किती दिलं सगळं लिहावं लागतं. कुणी ओळखीवर बिनचिठ्ठीची देत असेल तर घेऊ नका. साथ नसताना करायचं ते एवढंच, फॅमिली डॉक्टरला विचारून ठेवा की रात्री-बेरात्री फोन उचलणार का आणि जवळ कुठल्या केमिस्टकडे औषध असतं.

बाकी तापाला पॅरासिटामॉल, मुलांना अ‍ॅस्पिरिन अजिबात नाही, अँटिबायोटिक स्वतःहून नाही, खिडकी उघडी, पेशंटला आणि त्याचं करणाऱ्याला मास्क. आणि कॅलेंडरवर ताप उतरल्याची वेळही लिहा, कारण उतरून दोन दिवस गेले आणि परत थंडी वाजून भरला, खोकला वाढला तर तो न्यूमोनिया असू शकतो, त्या पानाचा फोटो काढा आणि तसंच डॉक्टरकडे जा.