लिनक्स निवडताना आधी पेनड्राइव्हवरून पारखून घ्या
विंडोज १० ला मिळणारी नेहमीची सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्यापासून जुन्या संगणकावर लिनक्स या मोफत संगणकप्रणालीच्या प्रकारांपैकी मिंट बसवावे, उबुंटू की फेडोरा, हा प्रश्न अनेकांना पडतो आणि नुसती परीक्षणे वाचून तो सुटत नाही.

१६ जीबीच्या पेनड्राइव्हवर व्हेंटॉय हे मोफत साधन बसवावे आणि तिन्हींच्या आयएसओ फाइली (संपूर्ण प्रणाली एकाच फाइलीत असलेल्या, डाउनलोड करायच्या फाइली) त्यात नुसत्या कॉपी कराव्यात. संगणक सुरू होताना एफ१२ (काही कंपन्यांच्या यंत्रांत एफ९ किंवा एस्केप) दाबून पेनड्राइव्ह निवडला की यादी समोर येते. काहीही इन्स्टॉल न करता एकेक प्रणाली उघडून वाय-फाय जोडले जाते का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखला जातो का आणि लॅपटॉप मिटून उघडल्यावर पडदा पुन्हा उजळतो का, हे पाहावे. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी मांडणी जोडून ‘क्ष’, ‘ज्ञ’ आणि ‘वाऱ्यावर’ टंकून पाहावे. रोज मराठीत लिहिणाऱ्याने ही चाचणी मुळीच टाळू नये. वेगावरून मात्र निर्णय घेऊ नये, कारण पेनड्राइव्हवरून प्रणाली एरवीपेक्षा संथच चालते.

व्हेंटॉय बसवताना पेनड्राइव्हवरील सर्व फाइली पुसल्या जातात, म्हणून त्या आधी दुसरीकडे उतरवून ठेवाव्यात.